वडिलांनी जमवलेली इंद्रजाल कॉमिक्स विकायची आहेत. काय ठेवू, काय देऊ?

मीटरगेज

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. मिरज ते लोंढा, कधी पुढे हुबळीपर्यंत, मीटरगेजवर. परतीची गाडी मिळेपर्यंत तास-दोन तास मोकळे असायचे. तेवढ्यात स्टेशनच्या बुकस्टॉलवरून आम्हा दोघा भावंडांसाठी इंद्रजाल घेऊन यायचे. मिरजेच्या स्टॉलवर मराठी मिळायचं. पुढे गेले आणि मराठी नसलं, तर कानडी. तेही नसलं तर हिंदी. आम्हाला कानडी येत नव्हतं, पण वेताळाने, म्हणजे फँटमने, कुणाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवली हे कळायला कानडी कशाला लागतंय? १९७१ ते १९८४ हा क्रम चालला. मी कॉलेजला गेले तरी वडील आणतच होते. तेव्हा ते स्वतःच वाचत होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता आई गेली, घर विकायचं ठरलं. दिवाळीपर्यंत मला मुलीकडे पुण्याला जायचंय. तिथे माझ्या वाट्याला एक भिंतीतलं कपाट आहे आणि त्यात माझ्या साड्याही मावायच्या नाहीत. वडिलांची काळी पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. सगळं मोजलं. मराठी २३६, कानडी ४७, हिंदी २९. शिवाय अमर चित्र कथा साठेक आणि धाकट्याचे डायमंड कॉमिक्सचे २२.

अवस्था अशी. मराठीतल्या ३८ अंकांना मुखपृष्ठच नाही, कारण आई त्यांची आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची. पाचवीच्या माझ्या भूगोलावर जादूगार मॅन्ड्रेक होता, बाईंनी उलटा करून घालायला लावला. काही अंकांना कसर लागली आहे. पिना गंजल्या आहेत. एका मॅन्ड्रेकचं शेवटचं पान नाही, ते मीच फाडून त्याची होडी केली होती. क्रमाने लावताना सव्वाशेच्या आसपास १२३ आणि १२४ सापडेनात. धाकट्याने मित्राला दिले असणार म्हणून मी त्याला नाशिकला फोन लावून झाडलं.

आणखी एक. वडिलांनी प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तारीख, स्टेशन, गाडी किती उशिरा होती ते. ‘१४/८/७६ बेळगाव. ५५ मि.’ असं. गार्डाला प्रत्येक ठिकाणची वेळ टिपावी लागते, ती सवय घरीही सुटली नाही.

रद्दीवाला किलोवर मागतोय, त्याला परत पाठवला. कोल्हापूरचे एक जुन्या पुस्तकांचे व्यापारी येऊन पेटीत हात घालून गेले आणि सगळ्याचे मिळून सात हजार म्हणाले. हा भाव बरा आहे का? पेन्सिल खोडरबरने पुसली तर किंमत वाढेल का? आणि वीस-पंचवीस अंक ठेवायचे झाले तर ते कसे निवडायचे? मुलगी म्हणते, जे सगळ्यात महाग ते ठेव. मला पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही.

पोटमाळा

ताई, सगळ्यात आधी ते खोडरबर कुणाला तरी देऊन टाका. हा वर्तमानपत्री कागद, त्यात पन्नास वर्षांचा. खोडलं की तंतू वर येतात आणि पेन्सिलीच्या जागी मळकट चट्टा उरतो. आमच्यासारखे घेणारे तो चट्टा पाहून ‘इथे काय लपवलंय’ म्हणून भाव पाडतात. पेन्सिल तशीच असू द्या. शाईची सही किंवा वाचनालयाचा शिक्का असता तर थोडा फरक पडला असता.

दुसरं, धाकट्या भावाची माफी मागा. १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्समध्ये त्या वेळी संप होता, आणि क्रमांक तसेच पुढे गेले. त्या दोन अंकांसाठी मी स्वतः कॉलेजात असताना पुण्याच्या जुन्या बाजारात सहा महिने रविवार घालवले आहेत. शेवटी एका म्हाताऱ्या विक्रेत्याने हसून सांगितलं.

आता मोजणीबद्दल. मार्च १९६४ मध्ये ६० पैशांना पहिला अंक आला, १९९० मध्ये मालिका बंद पडली. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे. त्यातलं काही तुमच्या पेटीत असेल असं तारखांवरून वाटत नाही, पण वडिलांनी एखादा जुना घेतला असेल तर तो आधी बाजूला काढा. डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर सुरू होतो, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. सुरुवातीचे बहादूर वेगळे ठेवा. त्यांच्यासाठीच इंद्रजाल घेणारे लोक आहेत. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन परदेशातून आलेले, हा मात्र आपल्या मातीतला. नंतरच्या अंकांवर सलग क्रमांक नाही, खंड आणि अंक छापलेत. त्यांची यादी निराळी करा, नाहीतर घोळ होतो.

मुखपृष्ठ आहे म्हणून अंक पूर्ण आहे असं धरू नका. प्रत्येक अंक उघडून मधलं जोडपान जागेवर आहे का बघा. पीन गंजली की आधी तेच सुटतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सुटलेलं पान चिकटपट्टीने लावू नका. तशीच कुठली पट्टी आधीपासून असेल तर ओढून काढू नका.

सात हजारांबद्दल एवढंच म्हणेन, की अजून हो म्हणू नका. मराठी इंद्रजाल मला इंग्रजी-हिंदीपेक्षा फार कमी वेळा दिसतं. पोरांनी वाचून वाचून संपवलं ते.

किंग्जसर्कल

पोटमाळा साहेब, व्यापाऱ्याला लगेच चोर ठरवू नका. मी माटुंग्याला फूटपाथवर आणि नंतर गाळ्यात मिळून पंचवीस वर्षं जुनी पुस्तकं विकली आहेत. पेटी उघडल्यावर मला चाळीस अंक असे दिसतात जे महिन्याभरात जातील. बाकीचे दोन वर्षं पडून राहतात, त्यावर धूळ बसते, पावसात ताडपत्री मी घालतो, भाडं मी भरतो. सरसकट भावात हे सगळं धरलेलं असतं. कोल्हापूरच्या गृहस्थांनी सात सांगितले म्हणजे दहापर्यंत येतील. त्यांनी फसवलं नाही, त्यांनी धंदा केला.

पण ताई, तुमच्याकडे दिवाळीपर्यंत वेळ आहे, आणि वेळ असेल तर सरसकट द्यायचं कारण नाही. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. संग्राहकाला घरी बोलावून पेटी पुढ्यात ठेवायची नाही. तो मलई काढून नेणार, गोड बोलून, चहा पिऊन, आणि तुमच्याकडे ताक उरणार. त्याऐवजी दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. प्रत्येक गठ्ठ्यात एक-दोन चांगले, बाकी साधे. गठ्ठा फुटणार नाही असं आधीच सांगायचं. ज्याला तो एक बहादूर हवाय तो उरलेले नऊही नेतो, आणि नेल्यावर वाचतोही. मी पाहिलंय.

फोटो उजेडात काढा. फाटलेलं, गंजलेलं, पेन्सिलीचं, सगळं फोटोत दिसू द्या. लपवलेलं पार्सल उघडल्यावर दिसतंच, मग पैसे परत करा, पोस्टाचा खर्च सोसा.

अमर चित्र कथेची आशा धरू नका. ती आजही छापली जाते, लोकांना नवीच हवी असते. जुनी छपाई ओळखायची तर मुखपृष्ठावरची किंमत बघा आणि मागच्या पानावरची यादी कुठल्या नावापर्यंत आलीय ते बघा. यादी जितकी छोटी तितका अंक जुना. आणि १ ते १० क्रमांक नाहीत म्हणून भावाला परत फोन करू नका. ते परदेशी परीकथांचे होते. आपल्याला माहीत असलेली मालिका ११ व्या, कृष्णापासून सुरू होते.

मेघदूत

एक साधा प्रश्न. हे सगळं स्कॅन करून कागद देऊन का टाकत नाही? बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक नेटवर टाकलेत, मी मुलाला तिथूनच दाखवतो. पेन ड्राइव्हला कपाट लागत नाही. वाटल्यास स्कॅन विकताही येतील.

पोटमाळा

मेघदूत, बालभारतीचं मासिक बालभारतीने टाकलं, तो त्यांचा हक्क आहे. आपल्या मालकीचा छापील अंक आपण खुशाल विकू शकतो. त्याच्या प्रती काढून विकणं ही चोरी झाली. ताईंनी आठवण म्हणून चार पानांचे फोटो काढून ठेवले तर गोष्ट वेगळी.

टिळकवाडी

ताई, मी बेळगावचा. त्या कानडी ४७ चं काय करणार ते आधी सांगा. इथले सगळे तुम्हाला मराठीचंच सांगतायत आणि कानडी गठ्ठ्यात भर म्हणून जाणार असं मला दिसतंय. तसं करू नका हो. माझी आई कानडी, बाबा मराठी. घरात दोन्हीकडची इंद्रजाल यायची आणि एकच गोष्ट दोन भाषांत वाचून मी कानडी लिपी शिकलो. शाळेत नंतर शिकवली. कानडीतले सगळेच्या सगळे मी घेतो, तुम्ही म्हणाल तो भाव, फक्त दहाचे गठ्ठे करून माझी परीक्षा बघू नका. न्यायला मी स्वतः येईन, मिरज काय लांब आहे?

आणि तुमचे वडील लोंढ्याला उतरायचे म्हणता, तिथल्या स्टेशनवरचे वडे आठवतात का बघा. आमच्याकडे सुट्टीत गोव्याला जाताना लोंढ्याला गाडी बदलायची आणि वडे खायचे, हा नियम होता.

कृष्णाकाठ

मी सांगलीची. विक्रीतलं मला काही कळत नाही, फक्त जे ठेवाल ते कसं ठेवायचं त्याबद्दल दोन शब्द. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या कपाटातली पुस्तकं चार दिवस पाण्यात होती. त्यात माझ्या भावाची दीडशे कॉमिक्स. दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. वाळली, पण पानं पापडासारखी झाली आणि गाळाचा वास आजही जात नाही.

त्यातून शिकलेलं असं. खालच्या कप्प्यात काही ठेवायचं नाही, मग घर नदीकाठी असो की कोथरूडला चौथ्या मजल्यावर. तिथे नळ फुटतो. घट्ट प्लॅस्टिकमध्ये ओला कागद कोंडायचा नाही, आधी कोरड्या दिवसात सावलीत पंख्याखाली ठेवायचा, ऊन लावायचं नाही. डांबरगोळ्या टाकू नका, वास कागदात मुरतो. कसर लागलेले अंक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. मी ठेवले होते, सासूबाईंनी मटार म्हणून बाहेर काढले. मग उभे न ठेवता आडवे, थोडे-थोडे, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात.

मीटरगेज

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गायब होते, कारण कामाला लागले होते.

धाकट्याची माफी मागितली. तो म्हणाला, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. शिवाय डायमंडचे २२ ‘तुला हवे तर ठेव’ म्हणाला. याचा अर्थ त्याला ते नकोत, हे मला कळतं.

गठ्ठे बांधायला बसले तेव्हा आधी क्रमांकाने लावले होते. मग पानं तपासायला प्रत्येक अंक उघडावा लागला आणि पेन्सिल वाचत गेले. क्रमांक राहिले बाजूला, तारखांनी लावायला लागले. मिरज, मिरज, बेळगाव, मिरज, लोंढा. १९७४ च्या मे महिन्यात जवळजवळ काही नाही. रेल्वेचा संप. वडील तेव्हा वीस दिवस घरी होते, आणि आई आम्हाला सांगायची की बाबांना सुट्टी आहे. जूनमध्ये एकदम चार अंक एकाच तारखेचे. पगार झाला असणार.

मुलीचा ‘महाग ते ठेव’ इथेच निकालात निघाला. मी प्रत्येक स्टेशनचा एक अंक ठेवला. मिरज, शेडबाळ, कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव, खानापूर, लोंढा, हुबळी. कॅसलरॉकचा एकच आहे, तिथे ते कशाला गेले होते कुणास ठाऊक. छोट्या स्टेशनांवर बुकस्टॉल नव्हते, म्हणजे कुणा पानवाल्याकडून किंवा उतारूकडून घेतलेले असणार. ते अकरा झाले. मग ज्यांच्यावर नुसत्या उशिराच्या मिनिटांऐवजी काही जास्त लिहिलंय ते. एकावर ‘इंजिन फेल. ३ तास. हा वाचून झाला.’ एकावर ‘सुमीला ताप’. सुमी म्हणजे मी. मराठी २४ आणि कानडी ३, एवढे ठेवले. त्यातल्या एकाचीही बाजारात विशेष किंमत नाही, हे मी पोटमाळांना यादी पाठवून विचारून घेतलं. ते म्हणाले, ताई, घटप्रभेचा तेवढा बरा होता, पण राहू दे.

हिशेब विचाराल म्हणून सांगते. किंग्जसर्कल म्हणाले तसे मराठीचे दहा-दहाचे १६ गठ्ठे केले. दोघे-तिघे फोनवर ‘फक्त बहादूर द्या’ म्हणून लाडीगोडी लावत होते, मी ठाम राहिले. शिक्षिका होते, चिवटपणा अंगात आहे. सोळा गठ्ठ्यांचे २०,८०० आले. टिळकवाडी कानडीचे ४४ घेऊन गेले आणि चार हजार देऊन गेले. मी तीन मागत होते. ठेवलेल्या तीन कानडी अंकांत काय लिहिलंय ते त्यांनी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचून सांगितलं. मी जी गोष्ट लहानपणी चित्रांवरून लावली होती त्यात आणि खऱ्या गोष्टीत इतका फरक निघाला, की माझ्या मनातला चांगला माणूस खलनायक निघाला. येताना ते लोंढ्याचे नाही, पण बेळगावचे वडे घेऊन आले होते.

हिंदी २९ आणि अमर चित्र कथा कोल्हापूरच्या गृहस्थांना अडीच हजारांत दिल्या. त्यांनी घासाघीस केली नाही. किंग्जसर्कल, तुमचं खरं होतं, माणूस सज्जन आहे. कसर लागलेल्यांपैकी १३ अंक वाचण्यापलीकडे गेले होते, ते रद्दीत टाकले. हात थोडा अडखळला, खोटं कशाला बोलू.

मुखपृष्ठ नसलेले ३८ शेजारच्या नातवाला दिले. तो इंग्रजी शाळेत आहे, मराठी अडखळत वाचतो. दुसऱ्या दिवशी येऊन विचारून गेला, ‘आजी, वेताळ मरतो का?’ मी म्हटलं, एक मरतो, मग त्याचा मुलगा वेताळ होतो. तो म्हणाला, म्हणजे नोकरी वडिलांकडून मिळते. रेल्वेतसुद्धा पूर्वी तसंच होतं, असं म्हणणार होते, पण जाऊ दे.

आता त्या होडीच्या पानाबद्दल. मॅन्ड्रेकचा तो अंक गठ्ठ्यात घालता येईना, आणि ठेवण्याच्या यादीतही बसेना. पोटमाळा गठ्ठे घ्यायला मिरजेला आले तेव्हा त्यांना दाखवला. त्यांनी काही न बोलता पिशवीतून तोच अंक काढला, पूर्ण, स्वच्छ, मुखपृष्ठासकट. यादीत मी ‘शेवटचं पान नाही’ असं लिहिलं होतं, ते वाचून घेऊन आले होते. अंक विकायचा नाही, फक्त वाचा म्हणाले. मी दारातच उभी राहून ते एक पान वाचलं.

सातवीत मी त्या गोष्टीचा शेवट धाकट्याला रचून सांगितला होता. माझ्या शेवटात मॅन्ड्रेकचा साथीदार लोथार आख्खा पूल उचलतो. खऱ्या शेवटात नुसतेच सगळे विमानतळावर उभे राहून एकमेकांना टाटा करतात. पोटमाळांना म्हटलं, एवढ्यासाठी तुम्ही पुण्याहून आलात होय? ते म्हणाले, नाही, सोळा गठ्ठ्यांसाठी आलो.

तो पानाविना अंक मी त्यांनाच देऊ केला, सुट्या भागांसाठी. त्यांनी आधी पेन्सिल वाचली, ‘मिरज. वेळेवर.’ आणि माझ्या पेटीत परत ठेवला. म्हणजे आता २८ झाले. साड्या कमी कराव्या लागतील.

टिळकवाडी

ताई, ‘वेळेवर’ असं आणखी कुठल्या अंकावर आहे का?

मीटरगेज

तुम्ही विचारलंत म्हणून विकलेल्यांचे फोटोही पाहिले. नाही. तेवढा एकच.

बरं, डायमंडचे २२ अजून पडून आहेत. चाचा चौधरी १५, बाकी किरकोळ. पेन्सिल नाही, पण धाकट्याने साबूला सगळीकडे मिशा काढल्या आहेत, निळ्या शाईने. कुणाला हवे असतील तर पोस्टाचा खर्च देऊन फुकट, नाहीतर २० तारखेच्या आत मिरजेला येऊन न्या. २१ ला टेम्पो येतोय.